तिथे आपलं कोण आहे?

चिंगीला परदेशातल्या तीन विद्यापीठांनी एकाच आठवड्यात होकार कळवला आणि घरातली शांतता गेली. एकानेच होकार दिला असता तर तिने मुकाट्याने बॅग भरली असती. तिघांनी नकार दिला असता तर आणखी सोपं होतं, सगळ्यांनी मिळून त्या विद्यापीठांना नावं ठेवली असती. पण तीन होकार आले म्हणजे निवड आली, आणि निवड आली म्हटल्यावर घरात प्रत्येकाला मत फुटलं.

चिंगी हे तिचं घरातलं नाव. उंचीने ती कधीच बापाच्या वर गेली होती. माती आणि खडक या विषयात इंजिनिअर झाली होती, पण घरात ती चिंगीच. बाबांचं चष्म्याचं दुकान होतं, घराच्या खालीच. आई गाडी चालवायला शिकवायची. तिच्या गाडीला शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक जादा ब्रेक होता. इतकी वर्षं त्या ब्रेकवर पाय ठेवून बसल्यामुळे तिला घरातही तीच सवय लागली होती. कोणी बोलता बोलता वेग घेतला की आईचा उजवा पाय आपोआप फरशीवर दाबला जायचा.

मत देणारा तिसरा म्हणजे मामा, आईचा भाऊ. मामा पाण्याचे पंप विकायचा. खूप वर्षांपूर्वी तो पंपांच्या प्रदर्शनाला परदेशी गेला होता. हॉटेलातून प्रदर्शनात आणि प्रदर्शनातून हॉटेलात, एवढंच त्याने पाहिलं होतं. पण तेव्हापासून परदेश हा विषय त्याच्या नावावर झाला होता.

"शहर कसं ओळखायचं माहितीये?" मामा सोफ्यावर मांडी ठोकून म्हणाला. "विमानतळावरच्या बाथरूमवरून. नळाला पाण्याचा दाब कसा आहे ते बघायचं. बाकी सगळं त्यात आलं."

त्या तीन शहरांची नावं घरात कोणाला धड उच्चारता येत नव्हती. म्हणून पहिल्याच दिवशी त्यांची सोपी नावं पडली. एक बंदरवालं, एक राजधानी आणि एक टेकडीवालं.

बाबा स्वभावाने सरळ. स्वतःचं मत नसेल तर ते दुसऱ्याचं विचारायचे. दुकानात गिऱ्हाईक डोळे तपासायला बसलं की त्याच्या नाकावर ती जड फ्रेम चढवून ते भिंगं बदलत राहत, "हे बरं की हे बरं?" त्याच सुरात, मध्येच, ते विचारू लागले, "बंदर बरं की राजधानी?" फ्रेम नाकावर असल्यामुळे गिऱ्हाइकाला पळून जाता येत नसे. एका गृहस्थांनी बराच विचार करून सांगितलं, "दोन्ही सारखीच धूसर." बाबांनी ते रात्री जेवताना जसंच्या तसं कळवलं आणि त्यात काहीतरी अर्थ असावा असं वाटून सगळ्यांनी माना डोलावल्या.

बंदरवाल्या शहराच्या बाजूने आई होती, कारण तिथे आईच्या चुलत बहिणीची नणंद राहत होती. या काकूंना चिंगीने आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. आईने व्हिडिओ कॉल लावला तेव्हा काकूंनी सगळं आधीच ठरवून ठेवलेलं होतं.

"आमच्याकडेच राहायचं, परक्यासारखं वागायचं नाही," काकू म्हणाल्या. "आमच्या जुळ्यांच्या खोलीत तिसरा पलंग टाकतो. सकाळी जुळ्यांना शाळेत सोडायचं, तुझं कॉलेज त्याच रस्त्याला आहे. दुपारी येताना त्यांना घेऊन यायचं. मधल्या वेळात तू तुझं शीक ना हवं तेवढं."

मागे जुळ्यांपैकी एकजण दुसऱ्याच्या डोक्यात बादली घालत होता. चिंगीने हसून नमस्कार केला आणि कॅमेऱ्याच्या बाहेर सरकली.

राजधानीच्या बाजूने बाबा होते. त्यांच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा पुतण्या तिथे विमा कंपनीत नोकरीला होता. तो चिंगीकडे लक्ष ठेवेल, असं गिऱ्हाइकाने बाबांना सांगितलं. नेमकं कसलं लक्ष ते दोन दिवसांत कळलं. पुतण्याने चिंगीला मेसेज करून स्वतःचा पगार, स्वतःची उंची आणि घरात धुणं कोण धुतं ही माहिती दिली आणि तिची उंची विचारली. चिंगीने खरी सांगितली. त्यावर आख्खा दिवस त्याचा पत्ता नव्हता. दुसऱ्या दिवशी एकच शब्द आला, "चालेल."

चिंगीने तो मेसेज आईला दाखवला. आईचा पाय फरशीवर दाबला गेला. राजधानी तिथेच बाद झाली, पण बाबांना वाईट वाटू नये म्हणून आणखी आठवडाभर तिचं नाव घेत राहिले सगळे.

चिंगीला जायचं होतं टेकडीवाल्या शहरात. त्याची दोन कारणं होती आणि दोन्ही घरात सांगण्यासारखी नव्हती. पहिलं म्हणजे ते शहर घसरत होतं. ज्या डोंगराच्या उतारावर ते वसलं होतं तो उतार दरवर्षी बोटभर खाली सरकत होता, आणि तिथल्या एका प्राध्यापक बाईंनी उभं आयुष्य ते सरकणं मोजण्यात घातलं होतं. चिंगीच्या विषयात त्यांच्या तोडीचं कोणी नव्हतं. घरात मात्र चिंगीने एवढंच सांगितलं होतं की तिथली हवा चांगली आहे.

"हवा ठीक आहे," आई म्हणाली. "पण तिथे आपलं कोण आहे?"

हे दुसरं कारण. तिथे आपलं कोणीच नव्हतं. पण ते कसं सांगणार? चिंगीच्या तोंडून भलतंच निघून गेलं. "आहे ना. मैत्रिणीची मावशी आहे."

"कुठल्या मैत्रिणीची?"

चिंगीने शाळेपासूनच्या मैत्रिणीचं नाव घेतलं.

आईने तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "बरं," ती म्हणाली, "रविवारी बोलणं करून दे मावशीशी."

आता मावशी आणायची कुठून? चिंगीने भाड्याच्या खोल्यांच्या जाहिराती धुंडाळायला घेतल्या. एका जाहिरातीत खोलीपेक्षा खिडकीचेच फोटो जास्त होते. घरमालकीण एकटी राहणारी, केस पांढरे आणि कापलेले, चेहरा कडक. चिंगीने फोन लावला, खोलीबद्दल विचारलं आणि मग चाचरत म्हणाली की माझ्या आईला तुमच्याशी बोलायचं आहे.

"माझं इंग्रजी फार नाही," मालकीणबाई म्हणाल्या.

"आईचंही नाही."

"मग हरकत नाही."

त्यांना आपण मावशी केलंय हे सांगायचा चिंगीला धीर झाला नाही.

रविवारी सकाळी सगळे जेवणाच्या टेबलाभोवती बसले. आईने इस्त्रीचे कपडे घातले होते. फोन बरणीला टेकवून उभा केला होता. मामाला कोणी बोलावलं नव्हतं, तरी तो मधल्या खुर्चीत बसला होता. पलीकडे मालकीणबाई पडद्यावर आल्या. त्यांनीही बहुधा ठेवणीतला स्वेटर काढला होता.

नमस्कार झाले. मग आई चिंगीला म्हणाली, "विचार त्यांना, भाचीची खुशाली कळते का अधूनमधून."

चिंगीने इंग्रजीत विचारलं की तुमच्याकडे आठवड्यातून किती वेळा गरम पाणी येतं. पण भाचीला इंग्रजीत 'नीस' म्हणतात एवढं आईला ठाऊक होतं. तिने वाकून स्वतःच विचारलं, "युवर नीस? गुड?"

मालकीणबाईंनी भुवया उंचावल्या आणि ठामपणे मान डावीउजवीकडे हलवली. "नो नीस."

"मजेत आहे म्हणतात," चिंगी म्हणाली.

"मान तर नाही म्हणत होती."

"तिकडे हो म्हणायचं असेल तर अशीच हलवतात."

आईने बरणी फोनसकट जरा जवळ ओढली. तेवढ्यात बाबा पुढे सरकले. ते मघापासून पडद्याकडे डोळे बारीक करून बघत होते. चष्म्याची काडी केसभर तिरकी असली तरी त्यांना ती खुपायची. "त्यांना म्हणावं फोन जरा सरळ धरा," ते म्हणाले.

"फोन सरळच आहे बाबा."

"मग खिडकी वाकडी आहे. ती दिव्याची वायर बघ, सरळ खाली लोंबतेय. खिडकीची चौकट तिच्याशी जुळत नाही. दार पण नाही जुळत." आपल्याला काहीतरी सापडलं याचा त्यांना आनंद झाला होता. "सगळं घरच वाकडं आहे यांचं."

बाबा कशाकडे बोट दाखवतायत हे मालकीणबाईंना न सांगता कळलं. त्या पहिल्यांदाच हसल्या. उठून त्यांनी फोन हातात घेतला आणि पाहुण्यांना बाग दाखवावी तसा आपल्या घराचा वाकडेपणा दाखवू लागल्या. पलंगाच्या दोन पायांखाली लाकडाचे ठोकळे होते. दार बसावं म्हणून वरून रंध्याने तासून तासून पाचरीसारखं झालं होतं. त्यांनी जमिनीवर एक चेंडू ठेवला. तो आपणहून निघाला, टेबलाखालून गेला आणि समोरच्या भिंतीला टेकून थांबला. मालकीणबाईंनी हाताचा पंजा हळूहळू खाली सरकवून दाखवला. "एव्हरी इयर. लिटल, लिटल."

"म्हणजे काय?" मामाने विचारलं.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. चिंगीने सांगून टाकलं. आख्खा उतारच सरकतोय, दरवर्षी बोटभर, आजचं नाही, फार जुनं आहे, घर एकही पडलेलं नाही, आणि तेच तर शिकायचं आहे.

मामाने खुर्चीत पाठ टेकली. इतक्या दिवसांत त्याला असं तयार हातात काही मिळालं नव्हतं. "घ्या," तो म्हणाला. "लोक पोरांना परदेशात पाठवतात ती वर जावीत म्हणून. आपण पाठवायची घसरत्या गावात. ताई, ते बंदर काय वाईट होतं? निदान जागेवर तरी आहे."

बाबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. म्हणजे त्यांनाही पटलं होतं. सगळे आईकडे बघायला लागले. आईचा पाय फरशीवर होता, पण ती विचारात होती.

"त्यांना विचार," ती म्हणाली, "बाहेरचा रस्ता दाखवतात का."

मालकीणबाई फोन घेऊन पायऱ्या उतरल्या. रस्ता असा उतरता होता की समोरच्या घराचं छप्पर यांच्या उंबऱ्याच्या पातळीला होतं. कडेला ओळीने गाड्या लावलेल्या. आई पडद्याच्या इतकी जवळ गेली की मामाला काही दिसेना.

"चाकं बघ," ती पुटपुटली. "प्रत्येक गाडीची चाकं फुटपाथकडे वळवलेली. हँडब्रेक सुटला तरी गाडी कडेलाच अडणार. इथे शंभरदा सांगून कोणी करत नाही." मग ती थांबली. "ती निळी सोडून."

तिने 'ब्लू' एवढंच म्हटलं. पण त्याच क्षणी पडद्यावर मालकीणबाईंचं बोटही निळ्या गाडीवर गेलं होतं. त्यांचा चेहरा बदलला. त्या तरातरा समोरच्या घराशी गेल्या आणि त्यांनी घंटी दाबून धरली. आतून एक लठ्ठ गृहस्थ सपाता घालून बाहेर आला. त्याने ऐकून घेतलं, निमूटपणे गाडीत बसला आणि स्टिअरिंग फिरवू लागला.

"मोअर," आई टेबलावरून म्हणाली.

गृहस्थाने आवाज कुठून आला ते इकडेतिकडे पाहिलं आणि आणखी फिरवलं.

"मोअर. स्टॉप. गुड."

मालकीणबाईंनी फोन स्वतःच्या तोंडासमोर आणला. दोघी एकमेकींकडे नव्यानेच बघत होत्या. मालकीणबाईंनी छातीवर हात ठेवला. "ट्राम. ड्रायव्हर. आय." मग समोर एक मोठा दांडा असल्यासारखा हात फिरवून त्यांनी या रस्त्याच्या वरून खालपर्यंत बोट नेलं. आईनेही छातीवर हात ठेवला. "टीचर. ड्रायव्हिंग." आणि पाय उचलून आपला जादा ब्रेक करून दाखवला.

त्यानंतर चिंगीची गरज उरली नाही. मालकीणबाईंनी एकदा भर उतारावर ट्रामचे ब्रेक लागेनासे झाले त्याची हकीकत सांगितली, ती सगळी हातवाऱ्यांनी आणि तोंडाने काढलेल्या आवाजांनी. आईने तिच्याकडच्या एका शिकाऊ बाईने गाडी केशकर्तनालयात घातली त्याची सांगितली. बाबा दुकान उघडायला खाली गेले. मामा मधे बोलायची संधी बघत बराच वेळ थांबला आणि मग तोही उठला.

पण फोन ठेवल्यावर आई एवढंच म्हणाली, "बघू."

दुसऱ्या दिवशी तिने चिंगीला गाडीत मागे बसवून घेतलं. पुढे शिकाऊ म्हणून एक निवृत्त हेडमास्तर होते. ते आयुष्यभर सायकलवर हिंडले होते आणि आता गाडीही त्याच वेगाने चालवत होते.

"ती मावशी खोटी होती ना?" आईने मागे न बघता विचारलं. "सर, दुसरा गिअर टाका."

चिंगी पुढच्या सीटशी सरकली. "कधी कळलं तुला?"

"तू बोललीस तेव्हाच. तुझ्या मैत्रिणीच्या आईला गाडी मीच शिकवली. वळण आलं की ती घाबरायची, आणि घाबरली की आपलं घराणं सांगत सुटायची. एकुलती एक आहे ती. तिला बहीण कुठून असणार?"

"मग बोलली का नाहीस?"

"बघत होते, मावशी कुठून पैदा करतेस ते. सर, पुढे बघा, मागे नको."

हेडमास्तर मान वळवून चिंगीकडे बघत होते, शाळेत बघत असतील तसे. ते पुन्हा सरळ झाले.

"खोटं का बोललीस पण?" आईचा आवाज आता वेगळा होता. "हवं होतं ते शहर तर भांडायचं माझ्याशी."

चिंगीने खिडकीबाहेर पाहिलं. "कारण तिथे आपलं कोणी नाही म्हणूनच मला जायचंय. बंदरात गेले तर जुळी आहेत. राजधानीत तो 'चालेल' आहे. इथे तू आहेस. मी चुकले तर ते माझं मला कळायला हवं ना आधी. मला कळायच्या आत सगळ्यांना कळलेलं असतं."

गाडीला गचका बसला आणि ती बंद पडली. मागून हॉर्न वाजायला लागले. हेडमास्तरांनी किल्ली फिरवली नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ते बसून राहिले.

"मॅडम, एक बोलू का?" ते म्हणाले.

"आधी गाडी चालू करा."

"ती चालू होत नाही त्याबद्दलच बोलतोय. परवा तुम्ही यायच्या आधी मी अंगणात मुलाची गाडी एकट्यानेच पुढेमागे केली. छान झाली. तुम्ही शेजारी बसलात की मला वाटतं, आता मी नक्की काहीतरी चुकणार, म्हणून तुमचा पाय तिथे आहे. आणि मग मी चुकतो."

आईने खाली पायाकडे पाहिलं. तिला राग यायला हवा होता. मागचा ट्रकवाला आता हॉर्नवरून हात काढायला तयार नव्हता.

"एकट्याने गाडी काढायची नाही असं मी बजावलं होतं, सर," आई शेवटी म्हणाली.

"हो. खोटं बोललो मीही. विचारलं नाहीत म्हणून बोललो नाही, एवढंच."

आई खिडकीकडे तोंड करून बसली. खांदे हलतायत हे आधी चिंगीला दिसलं, मग हसू ऐकू आलं. गाडी चालू झाली, ट्रकवाला शिव्या देत पुढे गेला आणि हेडमास्तर पहिल्यांदाच तिसऱ्या गिअरपर्यंत पोचले.

"टेकडीवाल्यांना कळवून टाक," आई म्हणाली. "सर, पुढून उजवीकडे घ्या. आणि परत एकटे चालवू नका."

घरात फार विरोध झाला नाही. मामा म्हणाला की उंचावरच्या गावात पाण्याला दाब कमी असतो, पण मी पहिल्यापासून टेकडीच्याच बाजूने होतो. बंदरातल्या काकू रुसल्या. जुळ्यांसाठी त्यांनी दुसरी कोणीतरी शोधली असं नंतर कळलं. विमा कंपनीतल्या पुतण्याने "ठीक" असं कळवलं आणि त्याखाली, कोणी मध्यम उंचीची मैत्रीण असल्यास सांगावं.

चिंगी गेली. पहिले काही दिवस ती नुसती हरखून हिंडली. रस्त्यात तिला कोणी ओळखत नव्हतं, कोणी काही विचारत नव्हतं. प्राध्यापक बाईंनी तिला पहिल्याच महिन्यात डोंगरावर नेऊन मोजमापाच्या खुंट्या ठोकायला लावलं. सोसाट्याच्या वाऱ्यात ती दिवसभर हातोडा चालवून यायची आणि वाकड्या खोलीत निवांत झोपायची.

मग एकदा आईने फोनवर सहज विचारलं, "शिंका थांबल्या का?"

"तुला कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगायला हवं," आई म्हणाली आणि घाईने बाबांकडे फोन दिला.

चिंगीने त्या संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दाराला कान लावला. आत मालकीणबाई फोनसमोर बसून नाक शिंकरण्याची नक्कल करत होत्या आणि पलीकडून आईचा आवाज येत होता, "हॉट वॉटर. स्टीम. टॉवेल." दोघी रोज बोलत होत्या. एकही आपलं माणूस नाही म्हणून जे शहर तिने एवढा खटाटोप करून निवडलं, तिथे आता तिची सख्खी वाटावी अशी मावशी तयार झाली होती, आणि ती तिनेच तयार केली होती.

ती दार ढकलून आत जाणार होती. भांडायचं वाक्यही जुळवून झालं होतं. तेवढ्यात मालकीणबाई हसल्या, मोठ्याने, टेबलावर हात आपटून. त्या घरात इतक्या दिवसांत चिंगीने तसं हसणं ऐकलं नव्हतं. पलीकडे आईही हसत होती. कशाला ते तिला समजलं नाही. विषय तिचा नसावा. ती परत वर गेली.

पहिल्या परीक्षेत चिंगी एका विषयात सपाटून आपटली. ती कोणाला काही बोलली नाही, पण रात्री जेवली नाही, आणि मालकीणबाईंनी ताटाकडे पाहिलं तेव्हाच तिला कळलं की आता पाच मिनिटांत घरून फोन येणार. फोन आला. आई सगळं काही बोलली. हेडमास्तरांना लायसन्स मिळालं, बाबांनी दुकानाला नवी काच बसवली, मामा सध्या दुसऱ्या कुणाच्या तरी पोराला परदेश समजावून सांगतोय. परीक्षेचं नाव काढलं नाही. मधे एकदा ती थांबली, तेव्हा चिंगीला वाटलं आता विचारणार. पण ती म्हणाली, "बरं, ठेवते."

"आई," चिंगी म्हणाली, "मी नापास झालेय एका विषयात."

"हो का," आई म्हणाली, अगदी आत्ताच कळल्यासारखं.

उन्हाळ्यात आई तिकडे आली. चिंगीने तिला कायकाय दाखवायचं ते मनात पक्कं केलं होतं: प्रयोगशाळा, प्राध्यापक बाई, डोंगरावरच्या खुंट्या. स्टेशनवर आई आणि मालकीणबाई एकमेकींसमोर क्षणभर अवघडून उभ्या राहिल्या, कारण फोनच्या चौकटीत मावायच्या तेवढ्याच त्यांना एकमेकी माहीत होत्या. आई म्हणाली, "टॉल." मालकीणबाई म्हणाल्या, "स्मॉल." आणि त्यांनी हातात हात घातले ते घातलेच.

ट्राम आली. चालवणारा मालकीणबाईंच्या हाताखाली शिकलेला निघाला. त्याने दोघींना अगदी पुढे, त्याच्या पाठीमागच्या बाकावर बसवलं. मागे गर्दीत चिंगी आईच्या दोन बॅगा सांभाळत लोंबकळत उभी होती. उतार सुरू झाला तसं पुढून आईचं बोलणं ऐकू यायला लागलं, "स्लो, स्लो, गुड," आणि चालवणाऱ्याची मान ताठ झालेली दिसायला लागली.

घराचा थांबा आला. चिंगीने हाक मारली. आईने वळून पाहिलं आणि हात हलवला.

"तू उतर," ती म्हणाली. "आम्ही शेवटपर्यंत जाऊन येतो."

चिंगी दोन्ही बॅगा घेऊन खाली उतरली. ट्राम घंटा वाजवत उतारावरून पुढे निघून गेली.